शाकाहारी मांजर

पाहुणे यायच्या आधी आमच्या यांनी, सम्मेदनी, मांजराला अत्तर लावलं. मांजराला म्हणजे त्याच्या पिंजऱ्याला, सोफ्याच्या पायांना, पडद्याच्या खालच्या काठाला, जिथं जिथं त्या बोक्यानं आपली हद्द आखून ठेवली होती तिथं सगळीकडे. मोगऱ्याचं अत्तर आणि बोक्याचा मूत एकत्र आल्यावर काय वास येतो, तो सांगून कळायचा नाही. मी चंदनाला, आमच्या चनूला, कडेवर घेऊन दारात उभी होते. ती लागोपाठ दोनदा शिंकली.

मी खिडक्या उघडू का म्हणून विचारलं. नको म्हणाले. एसी चालू होता, आणि बोक्याला, नवाबला, उकडत होतं.

मे महिन्यातली इचलकरंजी. आमच्या चंदनाला तेव्हा दहावा महिना लागला होता, तिच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं होतं. घरात एसी एकच, तोही मांजर आणल्यानंतर हॉलमध्ये बसवलेला. पाळणा हॉलमध्ये ठेवावा तर तिथं मांजर, आतल्या खोलीत ठेवावा तर उकाडा. मी आतल्या खोलीत ठेवला होता आणि दुपारभर हातानं वारा घालत बसत होते. यावर सम्मेदचं म्हणणं असं, की मी खुळी आहे.

"आज एक कर," ते अत्तराची कुपी खिशात टाकत म्हणाले. "तू फक्त चहा कर. बोलणं माझ्यावर सोड."

मी मान हलवली. मांजर घरातून जाणार असेल तर मी चहाच काय, पुरणपोळ्या केल्या असत्या.

नवाब आमच्याकडे आला त्याला वर्ष होत आलं होतं. सम्मेद सुताच्या कामासाठी पुण्याला गेले होते, तिथं कुणा व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी असलं मांजर पाहिलं. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, पोट सोनेरी, चाल अशी की पायाखालची फरशीसुद्धा त्याच्याच मालकीची. दुसऱ्याच खेपेला ते असलं मांजर विकणाऱ्याकडे जाऊन पोचले. त्यानं सांगितलं, याच्या रक्तात रानमांजर आहे, पण पिढी-दोन पिढ्यांत रान उतरलंय, आता पाळण्यातलं लेकरू समजा. आमच्यासारख्या जैन घरातला माणूस पहिला प्रश्न जो विचारेल तोच यांनी विचारला, की हे खातं काय. विकणाऱ्यानं यांच्या कपाळावरचं गंध बघितलं असणार. तो म्हणाला, तुम्ही लावाल ती सवय.

त्या पैशात दोन जुने माग आले असते. अक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, किंमत कळली तेव्हा त्या जपाची माळ हातात धरून बराच वेळ पिंजऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, एवढ्यात चांगली म्हैस आली असती. हे दूध किती देतं?

सुरुवातीला आम्ही खरंच सवय लावली. दूध-भात, दही-भात, पनीर, तुपातली पोळी. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद, तिथं दुसरं काय देणार. मांजर ते चाटायचं आणि मग कोपऱ्यात बसून आमच्याकडे असं बघायचं, जसं हॉटेलात चुकीची ताटली आल्यावर माणूस वेटरकडे बघतो. पुढं त्याचे केस गळायला लागले. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी आधी मांजर तपासलं, मग आम्हाला. याला मांस लागतं, म्हणाले, कच्चं, रोज, दोन वेळा. दूध-भातावर ठेवलंत तर आधी डोळे जातील, मग हृदय. त्यांनी असंही सुचवलं की नसबंदी करून घ्या, वास कमी होईल, स्वभाव निवळेल. सम्मेद म्हणाले, मग पिल्लांचं काय? जोडीला मांजरी आणून, पिल्लं विकून सगळे पैसे वसूल करायचा त्यांचा हिशोब होता.

परतीच्या वाटेवर गाडीत, हातकणंगले गेल्यावर ते म्हणाले, "घरात नाही. मागच्या शेडमध्ये घालायचं. अक्काला कळायची गरज नाही."

"घालायचं कुणी?"

"तू सायन्सची आहेस ना."

"केमिस्ट्रीची," मी म्हटलं.

"तेच ते."

अशी ती वाटणी झाली. आमच्या मागांच्या कारखान्यातला एक कामगार येताना कोंबडीची पिशवी आणून शेडच्या खिळ्याला अडकवायचा. मी मांजराला पट्टा बांधून मागच्या जिन्यानं खाली न्यायची, सूत गुंडाळायच्या जुन्या बीमांच्या आडोशाला पिशवी सोडायची, तुकडे थाळीत टाकायची आणि पाठ करून उभी राहायची. मी जन्मात अंड्याला हात लावलेला नव्हता. पहिल्या दिवशी मी शेडच्या मागं ओकले. नंतर नंतर ओकारी यायची नाही, नुसतं ओकायच्या आधीसारखं तोंडात पाणी येऊन राहायचं, ते जास्त वाईट होतं. सम्मेदना हे बघवायचं नाही, म्हणून ते एकदाही खाली आले नाहीत.

अक्कांना अर्थातच कळलं. मी वर आले की बाथरूमचं दार उघडं असायचं, बादली भरलेली असायची, कोरडं लुगडं खुंटीवर असायचं. डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवघरात नाही, आणि चनूला हात नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत एकदा. मी आत पाणी ओतत असायची आणि बाहेर चनू भुकेनं रडत असायची, अंगावर पिणारं लेकरू, ते आजीकडून काय गप्प राहणार. माझे केस तेव्हापासून कधी पूर्ण वाळलेच नाहीत. जानेवारीत मला न्यूमोनिया होता होता राहिला. तेव्हा सम्मेद म्हणाले, गरम पाण्यानं कर की.

यातलं काहीही मी सोसलं असतं. खरं सांगते, एसीचं बिल, त्याच्या शी-मुताची परदेशी वाळू, फाटलेला सोफा, माझ्या लग्नातल्या शालूवर काढलेली नखं, सगळं. चैत्रातल्या त्या एका दुपारनंतर मात्र नाही.

त्या दुपारी पाळणा अजून हॉलमध्येच होता. मी कपडे घडी करत होते. चनू झोपेत चुळबुळली, तिची मूठ पाळण्याच्या काठावर आली आणि हलायला लागली. नवाब टीव्हीच्या टेबलावर होता. तो खाली उतरला. मी त्याला गच्चीत कबुतरं धरताना पाहिलं होतं. आधी तो पोट जमिनीला लावतो, मग कान मागं घेतो, आणि झेप घ्यायच्या आधी त्याचं मागचं अंग असं डावीकडं-उजवीकडं हलतं, जणू जागा नीट करून घेतोय. तसंच हललं. चनूच्या मुठीकडे बघत हललं. माझ्या हातातली घडी मी त्याच्या अंगावर फेकली, तो उडाला, आणि जाताना पाळण्याचं कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरून गेला. चनू उठलीसुद्धा नाही.

सम्मेदना संध्याकाळी ते कापड दाखवलं. ते म्हणाले, खेळतंय ते. मग थोड्या वेळानं म्हणाले, चिरलंय ते कापड. लेकराला ओरखडासुद्धा नाही, आणि तू काय घेऊन बसलीस.

मग मी रोज मागं लागले. विकणारा परत घेईना, त्याचा फोनच लागेना. ओळखीपाळखीत कुणाला परवडेना. शेवटी सम्मेदनी मोबाइलवर त्याचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, शुद्ध शाकाहारी घरातलं, शुद्ध शाकाहारी सवयीचं. या दोन ओळींवर निपाणीहून भरतेश उपाध्ये नावाच्या माणसाचा फोन आला. आपलेच लोक. त्यांना असंच हवं होतं.

रविवारी सकाळी मी नवाबला नेहमीसारखं खाऊ घातलं आणि आंघोळ केली. दुपारी जेवणानंतर सम्मेद म्हणाले, पुन्हा एकदा घाल, भरपूर घाल, म्हणजे पाहुण्यांसमोर सुस्त राहील. कोंबडी त्यांनी सकाळीच जास्तीची मागवून ठेवली होती. मी पुन्हा खाली गेले, पुन्हा वर येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. केस टॉवेलात गुंडाळायला वेळ मिळाला नाही, दारात गाडी थांबली.

भरतेश उपाध्ये मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस होता. बायको त्रिशला माझ्याच वयाची, शांत. बरोबर त्यांची मुलगी रिद्धी, फुगीर बाह्यांच्या झग्यातली. मांजर बघितल्याबरोबर ती "वाघ, वाघ" करत धावली आणि पिंजऱ्यापुढं लोटांगण घातल्यासारखी आडवी झाली. सम्मेदनी पिंजरा उघडला. नवाब बाहेर आला, जांभई दिली, गालिच्यावर पसरला. पोट तट्ट फुगलेलं. रिद्धीनं त्याची शेपटी धरली तरी त्यानं नुसता एक कान हलवला.

सम्मेद बोलत होते. याचा पणजा कसा जंगलात होता, आणि याला कसं अहिंसेचं वळण लागलं. मग त्यांनी मला दही-भाताची वाटी आणायला सांगितली. मी आणली. नवाबनं वाटीत नाक घातलं, दोनदा जीभ लावली. भरतेशभाऊ मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, आमच्या वडिलांना दाखवलं पाहिजे, ते म्हणतात मांजराला धर्म नसतो.

अक्का देवघराच्या उंबऱ्यापाशी चनूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या वाटीकडे बघत होत्या, हसत नव्हत्या.

किमतीवर थोडं वरखाली झालं. सम्मेद फार ताणायला तयार नव्हते, त्यांच्या मानानं ते फारच लवकर खाली उतरले. मला आठवतं, मला त्याचं बरं वाटलं होतं. मला वाटलं, माझ्यासाठी उतरले. भरतेशभाऊंनी विसाराच्या नोटा काढून टीपॉयवर ठेवल्या. दिवस मावळायच्या आत निपाणीला पोचून जेवायचं होतं त्यांना, तेव्हा चहा झाला की मांजर गाडीत घालायचं ठरलं.

मी स्वयंपाकघरात आले. चहाला उकळी येत होती. उद्या या वेळी मी शेडमध्ये जाणार नाही, एवढा एकच विचार डोक्यात होता. पाळणा हॉलमध्ये आणीन. एसी लावीन. चनू गार वाऱ्यात झोपेल आणि मी केस मोकळे सोडून तिच्याशेजारी आडवी होईन.

त्रिशला मदतीला म्हणून मागोमाग आली. कप काढता काढता तिनं माझ्या पाठीकडं बघितलं. ब्लाउज केसांनी भिजला होता.

"वहिनी, आत्ता दुपारची आंघोळ?" तिनं आवाज खाली आणला. "चौथा दिवस का?"

हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. आमच्या घरांतून याच्या पुढं कुणी काही विचारत नाही. हो माझ्या तोंडात आलंसुद्धा होतं. पण स्वयंपाकघराच्या दारातून हॉल सरळ दिसायचा. रिद्धी पोटावर पडली होती, मांजराच्या तोंडापुढं तोंड नेऊन. ती त्याच्या नाकापुढं एक बोट नाचवत होती. नवाबचे डोळे मिटलेले होते, पण कान त्या बोटाबरोबर हलत होते.

"नाही," मी म्हटलं. "मी त्याला खाऊ घालून आले."

"दही-भात घालून आंघोळ?"

"कोंबडी. सकाळी एकदा, आत्ता एकदा. माझ्या हातानं."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं, मग चहाच्या पातेल्याकडं. मी म्हटलं, म्हणूनच आंघोळ. तिनं हातातला कप ओट्यावर ठेवून दिला.

मग मी थांबले नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. तुमच्या घरी मांस कोण घालणार म्हणून विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडं तर केकसुद्धा विचारून आणतात. मी म्हटलं, मग ते उपाशी राहील, आणि उपाशी राहिलं की लहान, हलणारं जे काही असेल त्याच्याकडं बघेल. पाळण्याचं सांगितलं. मागचं अंग कसं हलतं ते सांगताना माझा हात आपोआप तसा हलला, डावीकडं, उजवीकडं. ते बघून तिनं पटकन हॉलकडं पाहिलं.

"हे तुम्ही मला का सांगताय?" ती म्हणाली. "तुम्हाला तर ते घालवायचंय."

"घालवायचंच आहे."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. फडकं शोधून मागं वळले तोवर ती हॉलमध्ये गेली होती. तिनं रिद्धीला बखोटीला धरून उचललं. पोरगी किंचाळली. मांजरानं डोळे उघडले.

"अहो, मला नको हे," ती नवऱ्याला म्हणाली.

भरतेशभाऊंना वाटलं, चेष्टा करते. तिनं वासाचं कारण सांगितलं. मला दिवसभर हा वास सहन व्हायचा नाही म्हणाली, डोकं उठलंय माझं. सम्मेद म्हणाले, वहिनी, दोन दिवसांत सवय होते. ती म्हणाली, तुम्हाला झाली का? भरतेशभाऊ वैतागले. एवढ्या लांबून आलो, पोरीला शब्द दिलाय, वगैरे. पण ती चपला घालून गाडीत जाऊन बसली, आणि बायको गाडीत बसल्यावर माणूस विसाराच्या नोटा उचलतोच. माझं नाव तिनं घेतलं नाही. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गाडी वळल्यावर सम्मेदनी दार लावलं. टीपॉयवरची रिकामी जागा बघत उभे राहिले.

"आत काय बोलणं झालं तुमचं?"

मी म्हटलं, "सगळं सांगितलं."

"सगळं म्हणजे?"

"कोंबडीचं. आणि चनूचं."

मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, तोवर त्यांनी कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. नुकसान किती झालं ते बोलले, बाजारात आता कोण विचारणार ते बोलले, घरातली गोष्ट परक्यांना सांगायची कुठली रीत म्हणून विचारलं. मला रडू येत होतं आणि रडायचा राग येत होता. ते दोन येरझाऱ्या घालून पुन्हा माझ्यापुढं आले.

"लोकाच्या पोरीची एवढी काळजी? आणि आपली? ते तिथं झेपलं असतं, ते आता इथं झेपणार. चनूवर झेपणार. एवढं कळत नाही तुला?"

बोलून झाल्यावर तेच थांबले.

मला समजायला थोडा वेळ लागला. एसीचा आवाज येत होता. चैत्रापासून रोज मी विचारत होते आणि रोज मला सांगण्यात येत होतं, की खेळतंय ते, तू खुळी आहेस.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी अक्कांकडं बघितलं, मग खाली गालिच्याकडं. दही-भाताची वाटी तशीच होती, भाताला वरून पापुद्रा धरला होता.

मी आत गेले आणि पिशवीत चनूची लंगोटं, झबली भरायला लागले. माझं माहेर कुरुंदवाडला, शेवटची एसटी अजून मिळाली असती. अक्का दारात आल्या. चनू त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

"पिशवी ठेव," त्या म्हणाल्या. "लेकरू कुठं जाणार नाही. जायचं असलं तर मांजर जाईल."

मग त्या हॉलकडं वळल्या आणि मुलाला म्हणाल्या, संध्याकाळची वेळ झाली, आज तू घाल. सम्मेद म्हणाले, दुपारीच डबल खाल्लंय त्यानं. अक्का म्हणाल्या, मग उद्या सकाळी घाल, मी पाणी काढून ठेवते.

सकाळची वेळ यायच्या आधी सम्मेदनी फोन लावायला घेतले. मिरजेकडं एकाचा कुक्कुटपालनाचा धंदा होता, शिवाय त्याला विलायती कुत्र्यांचा नाद. तो घ्यायला तयार झाला, पण विकत नाही. पिंजरा, वाळू, पट्टा, चढायचं लाकडी झाड, सगळं बरोबर मागितलं, आणि वर टेम्पोचं भाडं. एसीपण देता का, असं त्यानं हसत विचारलं म्हणे. भाडं सम्मेदनी दिलं. टेम्पो गेल्यावर ते बराच वेळ नळाखाली हात धूत होते, मांजराला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता तरी.

आता चंदना चौथीत आहे. तिच्या वर्गातल्या कुणाकडं तरी पांढरं लांब केसांचं मांजर आहे, त्यामुळं अधूनमधून घरी विषय निघतो. मग सम्मेद नवाबची गोष्ट सांगतात. बिबट्यासारखे ठिपके, गच्चीत धरलेली कबुतरं, निपाणीहून आलेलं गिऱ्हाईक. शेवटी चांगल्या किमतीला गेलं, असं म्हणतात. मी कधी दुरुस्त करत नाही. त्या दुपारी मी निपाणीच्या बाईला का सांगितलं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि माहीत असून ते 'खेळतंय' का म्हणत राहिले, हे मी त्यांना विचारलं नाही. आमचं बरं चाललं आहे.

परवा चंदनानं विचारलं, "एवढा मोठा ठिपक्यांचा बोका आपल्या घरात होता, आणि मला कसा आठवत नाही?"

"तू लहान होतीस," ते म्हणाले. "तू पाळण्यात होतीस, आणि तो..."

तिथं ते थांबले. चंदना वाट बघत राहिली. मीही.